फासे दिसले की जुगारच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खेळांत पैसे घालवून कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र त्यांच्या मथळ्यांत 'गेम' आणि 'गेमर' हे शब्द सरसकट वापरले गेल्यामुळे डेटिंग अॅपवर जोडीदार शोधणाऱ्या, पण पैज न लावता टेबलावर खेळ खेळणाऱ्या आमच्यासारख्यांची जी पंचाईत होते, ती कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात नोकरी करतो. गेली सहा वर्षे दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण कोथरूडला एका मित्राच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, सगळे मिळून गोष्ट रचत जातात आणि गढीचा दरवाजा फुटला का, पहारेकरी जागा झाला का, अशा अडलेल्या जागी वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. पैज कशावरच नसते. चहा आणि भडंग एवढाच खर्च.

हे सारे मी प्रोफाइलमध्ये लिहिले होते आणि टेबलावरच्या फाशांचा फोटोही टाकला होता. गेल्या पावसाळ्यात एका मुलीशी छान गप्पा जमल्या, म्हणून डेक्कनवर कॉफीसाठी भेटायचे ठरले, तर ती थोरल्या भावाला सोबत घेऊन आली. कॉफी यायच्या आतच भावाने तो फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला आणि विचारले, "हे दर शनिवारचं आहे ना? मग आजवर किती घालवलेत, आणि अंगावर कर्ज किती आहे?" मी सॅकमधून फासा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून नीट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "यावर आकडा लावतात तरी कसा?" पुढचा पाऊण तास मी खेळ समजावून सांगण्यात घालवला, तिच्याशी बोलणे राहूनच गेले आणि पुन्हा भेट झाली नाही. मला त्यांचा राग नाही. रोजच्या बातम्या वाचणाऱ्या भावाने बहिणीसाठी एवढी चौकशी करणे योग्यच आहे.

दुसरी अडचण 'रोल प्ले', म्हणजे पात्र वठवणे, या शब्दाची आहे. छंदाच्या रकान्यात तो लिहिला की त्याचा चावट अर्थ घेतला जातो. मला एका मुलीने त्यावरूनच ब्लॉक केले. पण आमच्या गटातील मैत्रिणीला रात्री-अपरात्री जे संदेश आले, ते वाचून तिने तो छंदच प्रोफाइलमधून काढून टाकला. आपली सर्वांत आवडती गोष्ट लपवून कुणाशी ओळख करून घ्यायची, याचे तिला फार वाईट वाटते आणि मलाही वाटते. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी रात्र रात्र तालीम करणाऱ्या मुलांचे ज्या शहराला कौतुक आहे, तिथे चार जणांनी घरात बसून पात्रे वठवली तर संशय का यावा?

चूक आमच्याकडूनही होते, हे मान्य केले पाहिजे. आमच्यातल्या एकाने "शनिवारी भेटू या का?" या प्रश्नाला "शनिवारी गढीवर हल्ला आहे, रविवारी चालेल" असे उत्तर पाठवले आणि समोरून पुन्हा कधीच संदेश आला नाही. आपल्या टेबलावरची भाषा परक्या माणसाला आधी उलगडून सांगायला हवी, हे आम्ही त्यातून शिकलो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) आणि पैसे न लावता खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याचेही ठरवले. आमचा खेळ तर ऑनलाइनही नाही. कायद्याने केलेला हा भेद मथळ्यांतही दिसावा, एवढीच माझी विनंती आहे. जिथे पैसे लावले गेले तिथे 'ऑनलाइन जुगार' किंवा 'पैजेचे खेळ' असे स्पष्ट छापावे आणि 'गेमच्या नादात' हे शब्द वगळावेत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे