भुसावळच्या दुरुस्तीवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

मे महिन्यात भर दुपारी तोंडाला रुमाल बांधून तुमच्या दुकानात आलेली रावेरची बाई, ती मी. पिशवीत लॅपटॉप होता आणि त्यात घरच्या केळीचा हंगामभराचा हिशोब: कोणती गाडी कधी भरली, किती क्विंटल, काय भाव, कोणाकडे किती बाकी. आणि फाईल उघडत नव्हती.

तुम्ही आधी एवढंच विचारलं, "ताई, बंद कसा करता?" मी बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. आमचा जुना कॉम्प्युटर लाईट गेली की आपोआप बंद व्हायचा. मला वाटे, बंद करणं म्हणजे तेच. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तुम्ही वहीत आकडा लिहिताय आणि मधेच कोणी वही ओढली, तर?"

फाईल तुम्ही परत मिळवून दिलीत. शेवटच्या दोन गाड्यांच्या नोंदी गेल्या, त्या मी पावत्यांवरून भरल्या. पण त्यानंतरचा अर्धा तास मला जास्त मोलाचा वाटतो. आधी सेव्ह, मग एकेक खिडकी बंद, पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढायचा, मग स्टार्टमधून शट डाऊन. 'शट डाऊन एनीवे' असं विचारलं तर घाईनं होकार द्यायचा नाही. मागे जाऊन काय सेव्ह व्हायचं राहिलंय ते बघायचं. (मी ते आजवर न वाचताच दाबत होते.) अपडेट चालू असेल तर कितीही वेळ लागो, हात लावायचा नाही. आणि अगदीच अडकला, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनंही हलला नाही, तरच ते बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं.

शट डाऊन केलं तरी विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून थोडं काही राखून ठेवतं, पूर्ण बंद करायचं तर शिफ्ट दाबून शट डाऊन, नाहीतर रिस्टार्ट, हे ऐकून तर मी चाटच पडले. लॅपटॉप अडखळायला लागला की आता मी तेच करते.

झाकण मिटून पिशवीत टाकायची सवयही तुम्हीच मोडलीत. मिटला म्हणजे तो झोपला, बंद झाला नाही. पिशवीत जागा झाला तर तापणार, त्यात आपला जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा! त्या दिवशी पिशवीत हात घातला, तर खालचा पत्रा तव्यासारखा लागला होता.

आता रात्री शट डाऊन दाबलं की मी हात मांडीवर ठेवून बसते. कडेचा बारीक दिवा विझतो, पंखा थांबतो, मगच झाकण. सासरे विचारतात, "काय बघत बसली?" मी तुमचंच वाक्य सांगते: "जरा दम धरा."

शिकवण्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. हिवाळ्यात बामणोदची भरिताची वांगी निघाली की पिशवीभर घेऊन येते. त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
रावेरची ताई