आधी शुद्ध, मग शांतिप्रिय : बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

आमचं वाटणीपत्र नोंदलं गेलं, फेरफारही मंजूर झाला. आई म्हणाली, "बाईंक कळव." फोनवर सांगून भागलं असतं, पण तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटलं. कोकणात सामाईक जमिनीचे वाद घरोघरी आहेत आणि आपली ख्रिस्ती घरंही त्यातून सुटलेली नाहीत. तुम्ही आम्हाला जे दिलंत ते आणखी कोणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

बाबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. वकिलांनी कायदा समजावला : आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुली सगळ्यांना सारखं. कोणाचं किती ते कळलं. पण समुद्राकडची वाडी विकायची की राखायची, हे काही कायदा सांगत नाही. दादाला ती विकायची होती, मुंबईचं गिऱ्हाईकही तयार होतं. धाकटा बाबांच्या आजारपणापासून वाडी सांभाळत होता. त्याचं एकच पालुपद : "माका पैशे नको, पण माड तोडूक देवचंय नाय." सही मात्र दोघांनाही माझी हवी होती.

नातेवाइकांनी मला परस्पर तोडगा काढून दिला. हक्कसोडपत्र करून टाक, माहेर तुटणार नाही, विश्वासी बाईने जमिनीसाठी भांडू नये. असं बोलणं आपल्याकडे किती मुलींनी ऐकलं असेल! त्यात प्रभूचं नाव आलं की उलट बोलायची सोय राहत नाही.

तुम्ही पडवीत बसून मला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढायला लावलात. वरून येणारं ज्ञान कसं असतं ते मी वाचू लागले : आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेनं भरलेलं... तुम्ही मध्येच थांबवलंत. "पहिलं काय आलं?" मी म्हटलं, शुद्ध. "मग शांती दुसरी. मनात कढ ठेवून सही केलीस तर ती शांती कुठची?" आणि लगेच त्याच अध्यायातली आधीची वचनं पुढे केलीत. मत्सर आणि तट असतील तिथे अव्यवस्था येते, असं तिथे लिहिलंय. "आता हेही तपास. हिस्सा हवा तो हक्क म्हणून, की दादाला अडवायला?" हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जड गेला. नुसती कड घेणारं माणूस तो विचारत नाही.

देवाच्या ज्ञानाबद्दल मी लहानपणापासून प्रवचनं ऐकली आहेत. ते इतकं रोजच्या व्यवहारात उतरतं हे तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही अबीगईलची गोष्ट सांगितलीत, 1 शमुवेलच्या 25 व्या अध्यायातली. नवरा नाबाल उर्मट, त्याने केलेल्या अपमानाचा सूड घ्यायला दावीद चारशे माणसं घेऊन निघालेला. ती गाढवांवर भाकऱ्या, द्राक्षारस, मेंढरांचं मांस, हुरडा, खिसमिस, अंजिरांच्या ढेपा लादून वाटेतच त्याला गाठते. नवऱ्याचा दोष झाकत नाही आणि दावीदाच्या हातून रक्तपातही होऊ देत नाही. घरी येते तर नाबाल पिऊन तर्र. ती त्या रात्री अवाक्षर बोलत नाही. सकाळी नशा उतरल्यावर सगळं सांगते. "दादाचा फोन रात्री आला तर सकाळी बोल," हा तुमचा सल्ला तिथूनच आला होता, आणि त्याने आमच्या घरातली निम्मी भांडणं थांबवली.

मग तुम्ही दोघा भावांना समोर बसवलंत. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, प्रेषित पौलाने विचारलं होतं, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? तो प्रश्न तुम्ही आपल्या मंडळीसाठीच मानता, म्हणून वयाचं निमित्त न करता तुम्ही आलात. निवाडा मात्र तुम्ही दिला नाहीत. धाकट्याला खत, पाणी, माडावर चढणाऱ्या गड्याची मजुरी असा सगळा खर्च मांडायला सांगितलात. दादाला विचारलंत, "पैसे कशाला हवेत, बाबा?" हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज त्याने तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवलं. त्यानंतर वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आणि वरची काजूची बाग दादाकडे द्यायची हे धाकट्यानेच सुचवलं. वाडी त्याच्याकडे राहिली, घर आईच्या हयातीत आईचं आणि माझा हिस्सा माझ्या नावावर.

तुम्ही म्हणाल, हे देवाने केलं. खरंच आहे. ज्ञान उणं असेल त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो, हे वचन तुम्ही प्रत्येक बैठकीआधी प्रार्थनेत घेत होता. पण ते मागायला शिकवणारं माणूस लागतं, आणि ते आम्हाला देवाने तुमच्या रूपाने दिलं. शलमोन राजाचंही तुम्ही अर्धवट सांगितलं नाहीत. गिबोनात त्याने दीर्घायुष्य किंवा धन न मागता न्याय करायला समंजस मन मागितलं, हे सगळे सांगतात. म्हातारपणी त्याचंच मन देवापासून फिरलं, हेही तुम्ही आम्हाला वाचायला लावलंत. एकदा मिळालेल्या ज्ञानावर जन्म काढता येत नाही, हे मला तेव्हा उमगलं.

नाताळला दादा सहकुटुंब येतोय. त्याला तुम्हाला भेटायचंय, सूनबाईलाही. आणि बायकांच्या बायबल वर्गात नीतिसूत्रे सुरू करताय असं ऐकलं. मला आणि माझ्या वहिनीला त्यात घ्या.

तुमची कृतज्ञ,
वाडीवरची तुमची जुनी विद्यार्थिनी