खातेउतारा वाचायला शिकवणाऱ्या काकांस

मुंबई

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात माझ्या अंतरिम पोटगीच्या अर्जावर आदेश झाला, त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. पण तुमच्या आणि काकूंच्या समोर बसल्यावर घसा दाटून आला आणि आभाराचा एक शब्दही धड बोलता आला नाही. म्हणून हे पत्र. ते चारचौघांना वाचता येईल असे लिहायला तुम्ही संमती दिलीत ती तुमचे नाव कुठेही येऊ नये या अटीवर, आणि ती अट मी पाळते आहे. घटस्फोटाचा मूळ दावा अजून चालू असल्याने मुलीच्या वडिलांविषयीही ओळख पटेल असे काही लिहीत नाही.

मुलीला घेऊन मी गिरगावात माहेरी परतले, तेव्हा वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत पतीचे उत्पन्न विचारले आणि मला ते सांगता आले नाही. दरमहा घरखर्चाला किती मिळत असे एवढेच मला ठाऊक होते. चौदा वर्षांच्या संसारात पगार किती, कर्ज किती, गुंतवणूक कुठे, यांतले काहीच मला माहीत नाही, हे तुमच्यापाशी कबूल करताना मी रडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरात राहणाऱ्या माणसाला बरंच माहीत असतं, फक्त ते कधी कागदावर उतरवलेलं नसतं." मग दिवाळीला मिठाईचा डबा कोणत्या विमा एजंटकडून येत असे, भिंतीवर कोणत्या बँकेचे कॅलेंडर लागत असे, मार्चअखेरीस कोणाचे फोन येत, मुलीची फी कोणत्या खात्यातून जाई, असे एकेक विचारत गेलात. तासाभराने माझ्यासमोर दोन पाने भरली होती आणि त्यांवर तीन बँका, एक विमा कंपनी, एक सनदी लेखापाल आणि एका खासगी कंपनीचे नाव होते. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

त्यानंतरची गोष्ट लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. पतीच्या ईमेलचा पासवर्ड मला माहीत होता आणि एकदा आत शिरून सगळे उतरवून घ्यावे असा विचार मी तुमच्याजवळ बोलून दाखवला. तुम्ही इतके कठोर झालेले मी आधी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि नवराबायको असल्याने त्यातून सूट मिळत नाही, हे तुम्ही बजावलेत. "जे तुझ्या हक्काचं आहे तेवढंच माग, आणि ते सही करून माग," हे तुमचे वाक्य मी त्या दोन पानांच्या डोक्यावर लिहून ठेवले.

हक्काचे म्हणजे आमचे संयुक्त खाते. खातेदार म्हणून माझ्या सहीने तीन वर्षांचा उतारा मागता येतो, एवढी साधी गोष्टही मला सुचली नव्हती. उताऱ्यासोबत शाखेकडून १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे, म्हणजे हा उतारा बँकेच्या मूळ नोंदींची खरी प्रत आहे असे, प्रमाणपत्र घ्यायला तुम्हीच सांगितलेत, कारण नुसत्या छापील कागदावर समोरचे वकील हरकत घेतात. पुढे तशी हरकत आली आणि ती टिकली नाही.

मग सलग चार रविवार तुमच्या खिडकीपाशी आपण तो उतारा वाचला. तुम्ही लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत होतात आणि प्रत्येक ओळीला माझ्याकडून एकच उत्तर मागत होतात: पैसा कुठून आला, किंवा कुठे गेला. ज्या ओळीचे उत्तर मला येत नसे तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक फुली. तिसऱ्या रविवारी दर तीन महिन्यांनी जाणाऱ्या एकाच रकमेपुढे चौथी फुली पडली, तेव्हा तुम्ही पट्टी तिथेच धरून ठेवलीत. ती रक्कम पनवेलच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला जात होती. आमचे घर मुलुंडला; पनवेलला आमचे काही आहे हे मी कधी ऐकले नव्हते. संस्थेच्या नावावरून गाव आणि मिळकतीचा क्रमांक शोधून नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा, काढली, तर खरेदीदार म्हणून पतीचे नाव, खरेदीची किंमत आणि नोंदणीची तारीख समोर आली. तारीख पाहून मी गप्प झाले. ती मुलीच्या पाचव्या वाढदिवसाच्या आठवड्यातली होती, आणि त्या वर्षी हात आखडता आहे म्हणून आम्ही वाढदिवस घरातल्या घरात केला होता. काकूंनी काही न विचारता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पतीचा ज्या खासगी कंपनीत हिस्सा आहे तिची वार्षिक हिशेबपत्रके कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कोणालाही पाहता येतात, हेही मला तुमच्यामुळेच कळले. संचालकांना काय दिले जाते ते शेवटच्या पानांवरच्या टिपांमध्ये असते, आणि पहिली पाने सोडून थेट तिथे जायचे, ही तुमची सवय आता माझीही झाली आहे.

परंतु सर्वांत जास्त ऋण मला वेगळ्याच गोष्टीचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानुसार पोटगीच्या अर्जात मालमत्ता आणि दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यायचे असते. माझे लिहिताना आईने माझ्या नावावर ठेवलेली मुदत ठेव आणि शिकवण्यांचे रोख पैसे वगळावेत असे मला वाटले होते. तसे केले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. "त्याच्या कागदातली फट दाखवायची असेल तर तुझा कागद सलग हवा," असे म्हणून तुम्ही माझ्याकडून शिकवणीच्या एकेका मुलाची फी आणि मंगळसूत्रासकट सगळ्या सोन्याचे वजन लिहून घेतलेत. उलटतपासणीसारखे प्रश्न मला आधी तुम्ही विचारलेत, म्हणून न्यायालयात विचारले गेले तेव्हा आवाज कापला नाही.

पतीच्या प्रतिज्ञापत्रात पनवेलचे घर नव्हते. वकीलबाईंनी त्याच निकालाचा आधार घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली लेखी प्रश्नावली आणि कागदपत्रे हजर करण्यासाठी अर्ज केला, आणि सूची क्रमांक २ जोडलेली असल्याने तो मंजूर होण्यास वेळ लागला नाही. पुढे पूरक प्रतिज्ञापत्र आले आणि त्यात ते घर होते. ते घर अर्धे माझे होईल अशा भ्रमात मी नाही. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याच्या नावावरच्या मिळकतीत बायकोला आपोआप निम्मा वाटा मिळत नाही, हे तुम्ही आणि वकीलबाईंनी मला वेळीच समजावले. पण घरखर्चाला पैसा नाही, हे पतीचे म्हणणे त्यानंतर टिकले नाही, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर झाली. मुलीची वर्षाची थकलेली फी मी मागच्या सोमवारी भरली.

तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत आणि चष्म्याचा नंबर वाढला तरी एकही रविवार चुकवला नाहीत. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला उतारे वाचण्याचा कंटाळा येत असेल, असे मी एकदा म्हणाले होते. तेव्हा प्रत्येक उताऱ्यात एक घर असते, असे तुम्ही म्हणाला होतात. माझे घर तुम्ही फार जपून वाचलेत, काका.

न्यायालयाने मागवलेले दुसऱ्या खात्याचे उतारे परवा वकीलबाईंकडे आले. या वेळी पट्टी घेऊन मी एकटीच बसले आणि पहिल्या अकरा पानांवरच्या सगळ्या ओळी मला लागल्या. बाराव्या पानावर दोन फुल्या आहेत. रविवारी सकाळी दहाला येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची लेक