थर्मल तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही

थर्मल कॅमेऱ्याने होणाऱ्या स्तनांच्या तपासणीवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. 'आता मॅमोग्राफीची गरज नाही' हे त्यातले विधान घातक आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे; हा इन्फ्रारेड कॅमेरा मात्र फक्त त्वचेचे तापमान टिपतो. आत खोलवर असलेली लहान गाठ त्याला दिसेलच असे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये या तंत्राला परवानगी दिली, तीही मॅमोग्राफीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

गेल्या मे महिन्यात माझ्या मावशीने एका शिबिरात ही तपासणी करून घेतली. बाहेर रणरणते ऊन, आत कूलरचा झोत. ती आली तशी थेट कॅमेऱ्यापुढे उभी केली गेली. खरे तर आधी स्थिर तापमानाच्या खोलीत दहा-पंधरा मिनिटे तरी बसवायला हवे होते. 'नॉर्मल' अहवालाच्या भरवशावर तिने मॅमोग्राफी टाळली. दिवाळीत गाठ हाताला लागली.

हे तंत्र टाकाऊ नाही. मधुमेही रुग्णाच्या दोन्ही तळपायांवर त्याच जागी २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक टिकून राहिला, तर जखम होण्याआधीच सावध होता येते. त्यासाठी शिबिरे जरूर घ्या. स्तनांच्या तपासणीसाठी मात्र बायकांना मॅमोग्राफीलाच पाठवा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर