‘नॉट’ शून्यातून आलेला नाही

महोदय,

शून्याच्या प्रवासावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘झिरो’प्रमाणे इंग्रजीतला शून्यवाचक ‘नॉट’ही (naught) भारतातूनच गेल्याचे म्हटले आहे. ‘झिरो’पुरते ते खरे. आपल्या ‘शून्य’चे अरबीत ‘सिफ्र’, म्हणजे रिकामे, असे भाषांतर झाले. इटालियन गणिती फिबोनाचीने १२०२ साली त्याला लॅटिन रूप दिले ‘झेफिरम’, आणि पुढे इटालियन ‘झेरो’ होऊन तो इंग्रजीत उतरला. ‘नॉट’ मात्र इंग्रजीच्या घरचाच. आपले अंक इंग्लंडात पोचण्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या काळी, तो तिथे रुळलेला होता.

त्याची फोड अशी: ‘ना’ म्हणजे कधीच नाही आणि ‘विह्त’ म्हणजे वस्तू किंवा जीव. ‘नाविह्त’, म्हणजे आपले साधे ‘काही नाही’. तोंडातोंडी झिजून त्याचा ‘नाह्त’ झाला आणि शेवटी ‘नॉट’. स्पेलिंगमधले मुके ‘जीएच’ ही गळून गेलेल्या घशातल्या उच्चाराची खूण. जर्मन ‘निश्ट’ची घडणही अशीच, पण तिथे मधला उच्चार टिकला. हाच शब्द जोर न देता बोलला जाऊन आणखी आखडला, तो रोजचा नकारार्थी ‘नॉट’ (not). यॉर्कशरकडे अजून ‘नाउट’ म्हणतात. यातला नकाराचा ‘न’ आणि संस्कृतचा ‘न’ एकाच प्राचीन मुळाचे. लेखकाची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

‘नॉटी’ही यातूनच निघाला. आधी अर्थ कंगाल, मग दुष्ट किंवा वाईट. खोडकर हा लाडिक अर्थ बराच नंतरचा. १६११च्या इंग्रजी बायबलात, यिर्मयाच्या २४व्या अध्यायात, एका टोपलीतली अंजिरे ‘व्हेरी नॉटी’ आहेत. ती खोड्या काढत नाहीत, खाता येऊ नयेत इतकी नासकी आहेत!

खरा घोळ ‘ऑट’चा (aught). मुळात अर्थ ‘काहीही’. पण ‘अ नॉट’ भरभर म्हणताना ‘न’ अलीकडच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘ॲन ऑट’ ऐकू येऊ लागले. ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ झाला तो याच वाटेने. परिणामी ‘काहीही’वाला शब्द शून्य सांगू लागला. अमेरिकेत १९०६च्या काडतुसाला ‘थर्टी-ऑट-सिक्स’ (.30-06) म्हणतात, त्यातला ‘ऑट’ हाच.

लेख पुस्तकात घेणार असाल तर यादीतून ‘नॉट’ काढावा आणि त्या जागी ‘सायफर’ हा शून्याचा दुसरा इंग्रजी शब्द घालावा. तो ‘सिफ्र’चाच वंशज असून नेमका तोच राहून गेला आहे.

— एक भाषाशिक्षक, सातारा