डबिंग नको, मराठी सबटायटल द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या फिल्म क्लबांत परदेशी चित्रपट ठरला, की पहिला प्रश्न असतो तो हिंदी डब प्रत मिळते का, हा. प्रेक्षक मध्येच उठून जाऊ नये म्हणून हे चालते. पण जिथे वेगवेगळ्या भाषांच्या माणसांची गाठ पडणे हाच विषय आहे, तिथे डबिंग विषयच पुसून टाकते. ‘बेबल’ (2006) घ्या. जपानी शिकाऱ्याने मोरोक्कोतल्या वाटाड्याला दिलेली रायफल शेळ्या राखणाऱ्या पोरांच्या हाती पडते आणि गोळी अमेरिकी प्रवासी बाईला लागते. अरबी, बर्बर, स्पॅनिश, जपानी, इंग्रजी, शिवाय एका मूकबधिर मुलीची खुणांची भाषा. हे सगळे एकाच हिंदीत बोलू लागले, तर मध्ये दुभाषा कशाला लागतोय तेच कळत नाही.

मराठवाड्याला मूळ आवाज ऐकण्याचा आणखी एक फायदा आहे. निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत कारभार उर्दूत चालला आणि उर्दूत फारसी शब्द भरपूर. त्यामुळे इराणी चित्रपटात ‘शह्र’, ‘बाजार’, ‘हफ्ते’ कानावर पडले, की इथला माणूस सावरून बसतो. तिथला इराणी दुकानदार पैसे घेताना ‘काबेल नदारे’ म्हणतो. त्याचे शब्दशः ‘याची काही किंमत नाही’ केले, तर तो माल फुकट देतोय असे वाटते. ‘राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचे’ लिहिले, की पैसे द्यायचेच आहेत हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही.

इंग्रजी सबटायटलवरून मराठी करताना हेच निसटते. इंग्रजीतला ‘यू’ तू, तुम्ही की आपण, हे कळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी कोण कुणाला काय म्हणते आणि कोणत्या प्रसंगापासून ते बदलते, याचा तक्ता करावा. कोरियन ‘ह्यंग’, ‘नूना’ इंग्रजीत बहुधा नुसती नावे होऊन येतात. आपल्याकडे दादा, ताई तयारच आहेत.

ओळी दोनच. दोन्ही भरलेल्या असतील तर सुमारे 6 सेकंद ठेवाव्यात. सॉफ्टवेअरच्या अक्षरमोजणीवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसते, सॉफ्टवेअर त्याचे सुटे तुकडे धरून 6 मोजते आणि ओळ लांब झाली म्हणून उगाच ओरडते. सर्वांत वाईट चूक वाक्य तोडण्यात होते. मराठीत नकार शेवटी येतो. ‘मी त्याला मारलं’ एका सबटायटलमध्ये आणि ‘नाही’ पुढच्यात गेले, तर दोन सेकंदांसाठी निरपराध माणूस खुनी ठरतो. अशी वाक्ये फिरवून लिहावीत: ‘मारणारा मी नव्हे.’

आता तांत्रिक घोळ. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत टाइप करावा आणि फाइल यूटीएफ-8 या युनिकोडच्याच साठवणीच्या प्रकारात साठवावी. छपाईसाठीच्या (डीटीपीच्या) जुन्या फॉन्टातला मजकूर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. काही प्रोजेक्टर पेन ड्राइव्हवरची देवनागरी नीट जुळवत नाहीत. ‘कि’ची वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरे पाय मोडून पडतात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे ओळी चित्रातच बर्न करून, म्हणजे कायमच्या उमटवून घ्याव्यात. हे करण्याची आणि चित्रपट दाखवण्याची परवानगी हक्कधारकाकडून आधी लेखी घ्यावी.

सुरुवातीला जुळलेल्या ओळी पुढे पुढे सरकत गेल्या, तर फ्रेमचा वेग चुकलाय असे समजावे. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रपटाला 25 च्या हिशेबाने लिहिलेली फाइल लावली, तर 2 तासांच्या शेवटी 4 मिनिटे 48 सेकंदांचा फरक पडतो. तिथे सगळ्या ओळी मागेपुढे ढकलून काही होत नाही, वेगच बदलावा लागतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखा असेल, तरच ढकलाव्यात.

आणि प्रत्येक वाक्याचा अनुवाद करायचाच असेही नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (2012) शशी हिंदीत बोलते, लॉराँ फ्रेंचमध्ये, शब्द कळत नाहीत तरी दोघे बोलत राहतात. त्या फ्रेंचवर मराठी ओळ चढवली, की प्रेक्षकाला शशीपेक्षा जास्त कळते. तिथे पडद्याचा तळ मोकळाच बरा.

आपला,
एक वाचक, परभणी