औषध पाजताना जनावराची जीभ ओढू नका

महोदय,

कोवळा, दवाने ओला लसूणघास खाऊन जनावरं फुगण्याचे प्रकार आमच्या खटाव भागात दरवर्षी होतात. गेल्या वर्षी आमची गाय अशीच फुगली. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खोलगट भाग, ढोलासारखी ताणली, धाप लागली. शेजारच्या एका जाणत्या माणसाने गोडेतेलाची बाटली आणली. मी तिचं तोंड आभाळाकडे करून जीभ बाजूला ओढून धरली आणि त्यांनी तेल ओतलं. गाय दोनदा ठसकली. "गेलं खाली," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत पोट उतरलंही. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, नाकातून घाण वासाचा स्राव येऊ लागला, कूस लोहाराच्या भात्यासारखी उडू लागली. पाचव्या दिवशी गाय गेली.

डॉक्टरांनी छाती उघडून दाखवली. उजव्या फुप्फुसाचा पुढचा भाग काळा पडून सडला होता आणि हाताला तेलकट लागत होता. सगळं तेल पोटात गेलं नव्हतं.

गायीच्या घशात हवेची आणि चाऱ्याची वाट एकमेकींना ओलांडून जाते. घोट गिळताना श्वासनळीचं तोंड वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं आणि घोट मागच्या अन्ननळीत उतरतो. हे सगळं जिभेच्या हालचालीवर चालतं. जीभ ओढून धरली की जनावराला गिळताच येत नाही आणि मान वर असली की ओतलेलं थेट श्वासनळीत उतरतं. मुंगी-झुरळांना ही भीती नाही. त्यांचा श्वास अंगावरच्या बारीक छिद्रांतून चालतो, तोंडाशी त्याचा संबंधच नसतो. गाय, म्हैस, शेळी आणि आपण मात्र एकाच घशाचे धनी.

उजवाच भाग का सडला, हेही मी डॉक्टरांना विचारलं. गायी-म्हशींत श्वासनळी दोन फुप्फुसांकडे फुटण्याआधीच उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागाला तिची एक वेगळी फांदी जाते. चुकून आत शिरलेलं तिथे आधी उतरतं. आतल्या वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्यांच्यातून प्राणवायू रक्तात जातो. तिथे तेल साचलं की तेवढ्या भागाचं काम थांबतं आणि मग जंतू माजतात. तेल बुळबुळीत असल्याने कधी कधी ठसका न लागताच आत सरकतं, म्हणून ते पाजताना जास्तच जपायला हवं.

फुगलेल्या जनावराची धाप पाहून आपण घाबरतो, ते बरोबरच आहे. 100 लिटरहून मोठं पोट वायूने ताणलं की छाती आणि पोट यांमधला पडदा पुढे ढकलला जातो आणि फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. पण ज्याला आधीच श्वास पुरत नाही, त्याच्याच घशात आपण घाईने बाटली रिकामी करतो.

परवा त्याच गायीच्या कालवडीला जंताचं औषध पाजलं. मान सरळ ठेवली, नाक डोळ्यांच्या वर जाऊ दिलं नाही. जीभ मोकळी सोडली. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाटली घालून थोडं थोडं दिलं आणि ती गिळेपर्यंत थांबले. ठसका लागलाच तर लगेच तोंड सोडायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाकात काहीही ओतायचं नाही. व्याल्यावर मान कुशीला टाकून बसलेल्या गायीला तर तोंडाने काहीच देऊ नये. तिच्या अंगातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, गिळण्याची ताकद गेलेली असते. अशा वेळी पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 या क्रमांकावर फोन करून डॉक्टर येईपर्यंत तिला छातीवर बसती ठेवावी, कुशीवर आडवी होऊ देऊ नये.

हे मला गाय गेल्यावर कळलं. गोठ्यातलं निम्मं काम आम्ही बायका करतो, पण आम्हाला हे कुणी करून दाखवलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, जनावरांच्या बाजारात, एखाद्या गायीला औषध पाजून लोकांना प्रत्यक्ष दाखवावं, आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर सकाळी रांगेत उभ्या असलेल्या बायकांनाही दाखवावं. आपल्या दैनिकाने ही विनंती महाविद्यालयापर्यंत आणि पशुसंवर्धन विभागापर्यंत पोहोचवावी.

आपली,
एक पशुपालक वाचक, ता. खटाव, जि. सातारा